हाळी न देता आलेला माणूस

सातारा,
१८ नोव्हेंबर २०२४

जोत्या,

मी सांगितलेल्या माळावर जाऊन आलास, आणि वर म्हणतोस की तिथं डबाच नाही. आहे. मी मे महिन्यात स्वतःच्या हातानं ठेवलाय. तुला सापडला नाही एवढंच. त्यात लाजायचं काही नाही, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं. माझ्या पहिल्या वेळी मी अजिंक्यताऱ्याच्या उतारावर अख्खी दुपार घाणेरीच्या काट्यात घालवली, हातावर रक्ताच्या रेघा उठल्या, आणि डबा होता एका तुटक्या पाइपात, ज्याला मी येता-जाता लाथ मारत होतो.

दिवाळीत मी हे सगळं सांगत होतो तेव्हा तुझं लक्ष चकलीवर होतं, म्हणून परत लिहितो. जिओकॅशिंग म्हणजे हे: कुणीतरी बाहेर, माळावर नाहीतर डोंगरावर, एक डबा लपवतं आणि त्याची जागा ॲपवर टाकतं. बाकीचे जीपीएस बघत तिथं जातात, डबा शोधतात, आतल्या कागदावर सही करतात आणि होता तसा परत ठेवतात. बक्षीस काही नाही. तू विचारलं होतंस, ‘मग घावलं काय?’ हेच की, घावणं. जगभर लाखो लोक खेळतात. आपल्या सातारा-सांगलीत अगदी थोडे, म्हणून मी तुझ्या मागे लागलोय.

आता टिप्स. नीट वाच, कुस्तीच्या डावासारख्या. जीपीएस फक्त जवळ नेतं, शेवटचं काम डोळ्यांचं. तुझ्या वस्तादांनी फोनच काढून घेतलाय, त्यामुळे तुला माझा नकाशा. त्या दगडी बांधाच्या कोपऱ्यावर पोचलास की नकाशा खिशात घाल. लगेच दगड उचकटायला लागू नकोस. उभा राहा आणि नुसतं बघ. मला लपवायचं असतं तर मी कुठं लपवलं असतं, हे स्वतःला विचार. मग वेगळं काय दिसतंय ते शोध. उन्हानं सगळ्या दगडांची वरची बाजू काळपट झालेली असते. एखाद्याची मातीकडची बाजू वर आली असेल तर तो कुणीतरी हलवलाय. काटक्या जरा जास्तच नीट रचलेल्या दिसल्या तर संशय घे. नाहीच दिसलं तर उलट्या बाजूनं ये, खाली बसून बघ. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते बसलेल्याला दिसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुपचूप. दिवस मावळायला जा, माळावर कुणी नसतं. कुणी आलंच तर खाली बसून बुटाची लेस बांधायला लाग. विचारलं तर ‘सहज आलो होतो’ म्हण. खरं सांगितलं की पोरं डबा पळवतात, माझे आधीचे दोन असेच गेलेत.

कान कसा आहे? काकू म्हणाली रक्त साकळून पुरीसारखा फुगलाय. फोटो पाठव म्हणणार होतो, मग आठवलं.

तुझा,
राजवर्धन

*

तालीम,
२७ नोव्हेंबर

राजा,

तुझं पत्र गावलं. वस्तादांनी हातात देताना इचारलं, पोरीचं हाय का रं. मी म्हनलो न्हाई, चुलतभावाचं हाय. तर म्हनलं मग एवढं जाड कशापायी.

कानाचं म्हनशील तर वस्तादांनी सुई घालून रगात काढलं आन् दोन बटनं लावून दाबून टाकला. आता त्यो कायमचा मुडपला. ज्यानं कान फोडला त्याला मी सोमवारी खाली घेतला. नाकावर पडला. माती लाल झाली. वस्ताद म्हनलं आखाड्याच्या हौदातली तेवढी माती काढून टाका, आन् दुसरी जोड लावली.

गुरुवारी आमाला सुट्टी. गेलो सायकल घिऊन माळावर. तुझा डबा न्हाई गावला, पन कोंडीबा तात्या गावलं. आपला सख्खा चुलता दरसाल दिवाळी झाली की माणातनं मेंढरं घिऊन हिकडं उसाच्या पट्ट्यात उतरतो, ह्ये तुला ठावं न्हाई व्हय? शेतकरी रानात मेंढरं बसिवतो. त्याला खत मिळतंय, आपल्याला धान्य. बराबर तुझ्या बांधाला लागूनच वागर लावलीया. वागर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी, हे पन सांगतो, तुझं काय सांगावं. तुझा बाप साताऱ्याला बँकेत गेला म्हून तू काय आभाळातनं पडलास न्हाई. मे महिन्यात माळ रिकामा दिसला आन् तू डबा ठिवलास. धनगराचा हाईस का कोन हाईस गड्या.

आता मस्करी ऱ्हाऊ दे. वाड्यावर, म्हंजी मेंढरांच्या तळावर, चोर आल्ते. पिकअप घिऊन. बिराप्पाची मेंढरं उचलली. बिराप्पा म्हंजी तात्यांच्या संगं असतोय त्यो, त्याचा आन् तात्यांचा वाडा एकच. त्याचं कुत्रं आडवं गेलं तर त्याच्या मानंवर कोयता टाकला. मी बघितलं त्ये कुत्रं. मान नुसती कातड्यावर लोंबत हुती. बिराप्पानं त्याला लेकरागत मांडीवर घेतल्यालं, धोतार सगळं भिजलं तरी खाली ठिवंना. तवापासनं वाड्यावर सगळी मानसं कुऱ्हाड उशाला घिऊन झोपत्यात. बायासुद्दा. बिराप्पा म्हनतो, चोर आदी दिवसा यिऊन बघून जातो, खूण ठिवून जातो, आन् कुनीतरी आतलाच त्याला वाट दावतो. आतला म्हंजी कोन, ह्ये त्यो तात्यांच्या तोंडाकडं बघत इचारतोय.

आन् आपल्यात एक रीत हाय, तुला कुनी शिकिवली नसंल. वाड्याकडं येनारा भला मानूस लांबनंच हाळी देतो. ‘ओऽ, वाड्यावर कोन हाय का’ आसं वरडतो आन् हुबा ऱ्हातो. आतनं ‘या’ आलं की मगच पाय पुढं. हाळी न देता जो आला त्यो चोर. त्याला इचारत न्हाईत. हानत्यात.

तवा तुझा डबा काढून ने. न्हाईतर कुठला दगूड त्ये नीट लिव, मी काढतो. टिपा नगं. जागा सांग.

जोतीराम

*

सातारा,
३ डिसेंबर

जोत्या,

कुत्र्याचं वाचून झोप नाही लागली. तात्यांना सांग, मी येतोय भेटायला.

पण डबा आत्ता लगेच नको काढायला. ऐक, कारण आहे. जयराज म्हणून एक जण आहेत, विट्याचे, चष्म्याच्या दुकानात काम करतात. आपल्यापेक्षा बरेच मोठे, बायको आहे, पण खेळात अगदी कच्चे. अजून एकही डबा सापडला नाही त्यांना. दर वेळी जातात आणि हात हलवत परत येतात. ॲपवर ‘नाही सापडला’ असं लिहायची पण लाज वाटते म्हणाले, म्हणून मलाच मेसेज करतात. मी त्यांना तुला दिल्या तशाच सगळ्या टिप्स दिल्यात, वर एक जास्तीची हिंट, की बांधाच्या आतल्या बाजूनं खाली बसून बघा. यावेळी सापडला नाही तर खेळ सोडणार म्हणालेत. पहिला डबा सापडल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते तू पाहिलेलं नाहीस. एवढं एक होऊ दे.

जागा सांगितली तर खेळ कसला? तुला सुद्धा नाही सांगणार. माझी परीक्षा वीस तारखेला संपते, की आलोच, स्वतः उचलतो.

हाळीची रीत भारी आहे, मला माहीत नव्हती. पण शोधणारा लांबूनच ओरडत आला तर डबा गुप्त कसा राहणार? आणि आतली बाजू म्हणजे तुझ्या त्या वागरीची बाजू का, ते माझ्या लक्षात येत नाहीये. असली तरी तात्या आपलेच आहेत. तू उगीच घाबरवतोस.

राजवर्धन

*

तालीम,
१५ डिसेंबर

राजवर्धन,

चोर गावला. गुरुवारी सांजचा. वाड्यावरच्या लोकांनी हानला. मी तालमीत हुतो, मला नंतर कळलं. पोलीस यिऊन गेलं. तुझ्या डब्याचं मला काय ठावं न्हाई.

अक्षर वंगाळ आलंय, उजवा हात सुजलाय, लढतीत लागला.

तू हिकडं येऊ नगं. तात्यांस्नी भेटायला पन नगं. थोडं दिस पत्र लिवू नगं.

जोतीराम

*

सातारा,
२२ डिसेंबर

जोतीराम,

तू नको म्हणालास तरी लिहितोय.

जयराज मिरजेच्या एका दवाखान्यात आहेत. त्यांचा फोन फुटला होता. तो दुरुस्त करून आल्यावर त्यांच्या बायकोनं, प्रियदर्शनी वहिनींनी, शेवटचा नंबर लावून बघितला. तो माझा. म्हणाल्या, ‘तुम्ही ह्यांचे मित्र का? ह्यांना ट्रॅक्टरनं उडवलंय म्हणून सांगितलं होतं, पण ट्रॅक्टर कुणाच्या हातावर मोजून मारतो का?’

परवा शेवटचा पेपर झाला आणि मी सरळ एसटीत बसलो. जोत्या, मी त्यांना ओळखलं नाही. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं, मिशी, गोल चष्मा. पलंगावर जे होतं त्याला तोंड नव्हतं, सुजलेलं काहीतरी होतं. डावा डोळा बंद. जबडा तारेनं बांधलाय, नळीनं डाळीचं पाणी देतात. उजव्या हाताची हाडं दोन ठिकाणी मोडलीत. बरगड्या मोडल्यात, त्यामुळे खोकला आला की डोळ्यातून पाणी येतं आणि आवाज येत नाही.

पाटीवर डाव्या हातानं लिहून बोलतात. शाळेतल्या पोरासारखं अक्षर. त्यांनी लिहिलं ते तुला सांगतो.

दिवस मावळायला पोचले. मेंढरं दिसली, पण माणूस दिसला नाही. कुणाला दिसू नका, असं सांगितलेलं, म्हणून वाकून वाकून बांधाच्या आतल्या बाजूनं गेले. डबा सापडला. हो, सापडला त्यांना. हातात घेतला आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘कोन हाय रं तिकडं?’ ते खाली बसले आणि बुटाची लेस बांधायला लागले. लोक आले. ‘काय करतोस?’ म्हणाले. हे म्हणाले, ‘सहज आलो होतो.’ मग केसाला धरून ओढलं. पाठीत दोन-चार बसल्या. तेवढ्यात एक म्हातारा मधे पडला, मोठा पटका बांधलेला. त्यानं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, ‘थांबा, आदी इचारू त्याला.’ सगळे थांबले. जयराजांना वाटलं आता वाचलो. त्यांनी डबा वर करून दाखवला आणि म्हणाले, ‘हा खेळ आहे. हा डबा राजवर्धननं...’

एवढंच. पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत एका तरण्या पोरानं तोंडावर गुद्दा घातला. मग बाकीचे पण तुटून पडले. कुऱ्हाडीचे दांडे, काठ्या, पायातली पायताणं. म्हातारा त्यांच्या अंगावर आडवा पडला होता म्हणे. त्याला पण लागलं.

मी विचारलं, ‘तो तरणा पोरगा कसा होता?’ त्यांनी पाटी पुसली आणि एक कान काढला. मुडपलेला, गोळ्यासारखा.

तू तालमीत होतास ना?

घरी आल्यावर कळलं, कोंडीबा तात्यांना आत घेतलंय. त्यांनी स्वतःच सांगितलं, ‘मी एकट्यानं मारलं.’ ज्यानं थांबवलं त्यानं.

मला खरं लिही.

राजवर्धन

*

तालीम,
२७ डिसेंबर

राजा,

लिवतो. समदं लिवतो.

तुझं तीन तारखंचं पत्र आलं. इट्याचा कोन येनार, गुपचूप येनार, सांजचा येनार, ते पन वागरीला चिकटून. मी ठरिवलं, गुरुवारी जाऊन आख्खा बांध उलथून काढायचा. गेलो. तात्यांस्नी सांगायला तोंड उघडलं तर बिराप्पा शेजारी तंबाखू मळत बसल्याला. त्यो सारखं त्येच बोलत हुता. आतल्यानंच वाट दाखिवली. कुनाचं पुतनं साताऱ्यात ऱ्हात्यात, कुनाच्या पुतन्याकडं मोबाईल, मोटारसायकली, आमाला ठावं न्हाई व्हय. तात्या खाली बघत हुतं. मी मनात म्हनलं हा उठला की सांगतो. त्यो उठलाच न्हाई.

मग वरडा झाला. मी धावलो. मानूस केसाला धरून वडत आनल्याला. त्याच्या हातात डबा बघितला आन् मला कळलं. पयल्या झटक्यात कळलं राजा. हा चोर न्हाई, हा तुझा मानूस. मी म्हननारच हुतो. तात्यांनी हात पसरलं, सगळी थांबली, मी पुढं झालो त्ये सोडवायलाच. द्येवाची आन.

आन् त्यो म्हनला, राजवर्धन.

बिराप्पानं मान वळिवली. नुसतं तुझं नाव कानावर पडलं आन् त्याचं डोळं तात्यांच्याकडं गेलं. कुऱ्हाड त्याच्या हातात हुती, दांडा न्हाई, पात्याची बाजू फुडं. त्यो मानूस अजून एक शब्द बोलला असता तर त्ये पातं तात्यांच्यावर पडलं असतं. आन् उद्या तुझ्यावर. पुतन्यानं खूण ठिवली, चुलत्यानं मेंढरं दिली, असं म्हनायला बिराप्पाला कितीसा येळ लागनार हुता? त्याचं कुत्रं मेल्यापासनं त्यो मानसात न्हवता.

म्या त्याचं तोंड बंद केलं. तुझं नाव भायेर पडू नये म्हून.

कुस्तीत आमी गुद्दा मारत न्हाई. जल्मात कुनाला तोंडावर मारलं न्हवतं. ऊस गुडघ्यावर मोडल्यावर आवाज येतो तसा आला. दात माझ्या हातात घुसलं. त्यो डोळं फाडून माझ्याकडं बघत हुता, जनू मी त्याला वळखीचा वाटलो. आन् मग माझ्याच गुद्द्यानं बाकीच्यांस्नी मोकळीक मिळाली. कोंडीबाच्या पुतन्यानं मारलं, मग आपुन कशाला थांबायचं. मी बाजूला हुबा ऱ्हायलो. आता लिवतो तवा पन ऐकू येतंय, पायताणाचा आवाज वल्या मातीवर पडल्यागत येतोय. तात्या त्याच्यावर पडलं तवा बिराप्पाचा दांडा तात्यांच्या खांद्यावर बसला. तवा कुठं मला हालता आलं. मी तात्यांस्नी न्हाई, त्या मानसाला उचाललं. उसाचा ट्रॅक्टर चालल्याला, त्याच्या डायवरला दम दिऊन पाठिवला. डबा मी खिशात घातला. आत तुझं नाव हुतं. कागूद चुलीत टाकला, डबा नदीत.

दवाखान्यानं पोलिसांत कळिवलं तवा तात्या म्हनलं, ‘मी जातो फौजदाराकडं. माझं काय ऱ्हायलंय. तुझी फेब्रुवारीत मिल्ट्रीची भरती हाय, पोलिसांचा दाखला लागतोय. तू तालमीत हुतास. गप बसायचं.’ मी म्हनलो, न्हाई तात्या. त्यांनी माझ्या थोबाडात दिली. मग रडलं. म्या तात्यांस्नी कवा रडताना बघितलं न्हवतं.

वस्ताद हाताकडं बघून इचारत्यात, ह्ये दाताचं हाय का रं. मी म्हनतो, हौदातला खडा लागला.

तुला वाचिवला म्हून मला वाटलं हुतं. आता त्यो पाटीवर तुझंच नाव लिवत असंल तर कुनाला वाचिवलं मी?

जोतीराम

*

सातारा,
२ जानेवारी २०२५

जोत्या,

काल परत मिरजेला गेलो होतो. तुझं पत्र खिशात होतं. एसटीत परत परत वाचलं.

वॉर्डात शिरलो तर प्रियदर्शनी वहिनी फोन घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आमचे मेसेज वाचले होते, पहिल्यापासून. मला म्हणाल्या, ‘दिवस मावळायला जा. कुणाला दिसू नका. विचारलं तर सहज आलो म्हणा. हे तुम्ही लिहिलंय?’ मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या कानाखाली मारली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. मग दुसऱ्या बाजूनं मारली. मी तिथंच उभा राहिलो. म्हणाल्या, ‘तिथली माणसं कशी असतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?’ मी म्हणालो, ‘ठाऊक होतं. माझ्या भावानं मला पत्रातून सांगितलं होतं. काढून ने म्हणाला होता.’ तेव्हा त्यांचा हात खाली आला. त्यांनी फोन पलंगावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

जोत्या, मी ते तुझं पत्र वाचलं होतं आणि मला काय वाटलं होतं सांगू? काय भारी रीत आहे, असं वाटलं होतं. डबा उचलायला मला एसटीचा अडीच-तीन तासांचा प्रवास होता. मी परीक्षेचं कारण दिलं. खरं म्हणजे मला त्यांना तो सापडायला हवा होता. माझ्या टिप्सनं.

जयराजांनी मला जवळ बोलावलं. पाटीवर लिहिलं, ‘सही राहिली. धरतात का?’ मला आधी कळलंच नाही. मग कळलं. डबा सापडला, पण आतल्या कागदावर सही करायची राहिली, तर सापडला असं धरतात का, असं विचारत होते. मी म्हणालो, ‘धरतात.’ त्या सुजलेल्या तोंडानं ते हसले असावेत, कारण तार ताणली आणि ओठातून रक्त आलं. वहिनींनी पुसलं.

मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘तो पोरगा. ओळखतोस?’

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकाच डोळ्यानं. मग लिहिलं, ‘मी तर तुझंच नाव घेतलं होतं.’ आणि खाली, ‘मग का मारलं?’

मला उत्तर माहीत होतं. माझ्या खिशात होतं. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

सोमवारी पोलीस त्यांचा जबाब घ्यायला येणार आहेत. मला पण बोलावलंय, कारण मेसेज माझे. डबा माझा, जागा माझी, टिप्स माझ्या, तू सांगूनही मी ऐकलं नाही, हे सगळं मी सांगणार आहे. त्याबद्दल मनात काही शंका नाही. बाबांना काल सांगितलं. ते नंतर गच्चीवर जाऊन तात्यांच्या वकिलासाठी कुणाकुणाला फोन करत होते.

पण फौजदार पुढं विचारणारच, तो तरणा पोरगा कोण. मी नाही म्हणालो तर तात्या आत राहतात. त्यांचा खांदा मोडलाय, कोठडीत फरशीवर झोपतात, त्यांना हात वर करता येत नाही, आणि जामिनाला उभं राहायला त्यांच्या वाड्यावरचं कुणी आलेलं नाही. बिराप्पा मेंढरं घेऊन पुढच्या गावाला गेला. ज्यानं मारलं नाही तो एकटाच आत आहे. आणि मी हो म्हणालो तर तुझी भरती गेली, तालीम गेली, कदाचित काही वर्षं पण गेली. तू पहाटे उठून जोर मारत होतास तेव्हा मी झोपलेलो असायचो, हे मला माहीत आहे.

तू आपण होऊन आलास तर बरं. सोमवारी सकाळी मी मिरजेच्या स्टँडवर थांबतो, सांगलीकडून येणाऱ्या गाड्या लागतात तिथं. दोघं मिळून जाऊ. तुझ्या आधी मी बोलेन. बिराप्पाच्या कुऱ्हाडीचं पण सांगू, तो तेव्हा काय करणार होता ते सांगू. ऐकतील की नाही माहीत नाही.

पण तू नाही आलास तर मला एकट्याला आत जायचंय आणि तिथं माझ्यासमोर तो प्रश्न येणार आहे. मला शाळेत शिकवलं होतं की खरं सांगायचं. तेव्हा ज्याच्याबद्दल सांगायचं तो कधी आपल्यासाठी हात उचललेला माणूस नसायचा. मी रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. तुला सोडून विचारायला माझ्याकडे दुसरं कुणी नाही, आणि तुलाच विचारायचं म्हणजे काय ते मला कळतंय.

तरी विचारतो. तू माझ्या जागी असतास, आणि तुला वाचवायला ज्यानं एका निरपराध माणसाचं तोंड फोडलं त्याचं नाव तुला विचारलं असतं, तर तू काय केलं असतंस?

राजवर्धन